श्रेय देवाला द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उपासना संपली होती. त्या रविवारी संदेश मी दिला होता आणि आता खुर्च्या आवरायला लागलो होतो. एक आजी हळूहळू चालत आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आज देव माझ्याशीच बोलला रे बाळा." मी क्षणही न दवडता म्हणालो, "सगळा गौरव प्रभूला, आजी."

वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. पण घरी जाताना मी काय करत होतो? मोजत होतो. आजी धरून चौघांनी कौतुक केलं. पाळकांनी मात्र नुसती मान हलवली, ती का? शेवटचा दाखला जरा लांबला का? तोंडाने गौरव प्रभूला दिला होता आणि पावती मात्र गुपचूप स्वतःच्या नावावर फाडली होती.

तोंड आणि मन यांच्यातली ही फट कमी कशी करायची, त्याबद्दल हा लेख आहे. ती पूर्ण बुजवता येते असा माझा दावा नाही. पण काही सवयी लावून घेता येतात, आणि त्या लावताना कुठे पाय घसरतो हे मला बऱ्यापैकी माहीत आहे, कारण त्यातल्या बहुतेक जागी मी घसरलो आहे.

सुरुवात करण्याआधी: दोन गैरसमज

पहिला गैरसमज असा की देवाचं नाव घेतलं की श्रेय आपोआप देवाला पोचतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवा. मंदिरात उभा राहून तो प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेचे पहिले शब्द देवाचे आभार मानणारे आहेत. आपण हे वाचताना पटकन पुढे जातो. तो देवाला विसरलेला नाही. आपण आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशमांश देतो, हे तो देवालाच सांगतोय. आभारांच्या पोटात तुलना मात्र आहे: इतर माणसांसारखा मी नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या, लोकांनी पापी ठरवलेल्या त्या जकातदारासारखा तर नाहीच. म्हणजे "देवाच्या कृपेने" हे शब्दसुद्धा स्वतःला एक पायरी वर चढवायला वापरता येतात. यशाच्या फोटोखाली "सगळी प्रभूची कृपा" असं लिहून स्टेटस ठेवताना मला हा परुशी हमखास आठवतो. तरी मी ते ठेवतो, ही गोष्ट वेगळी.

दुसरा गैरसमज याच्या उलटा. नम्र व्हायचं म्हणजे "मला काही येत नाही, मी काही केलं नाही" असं म्हणायचं. हे बहुतेक वेळा खोटं असतं, आणि खोटं बोलून देवाचा गौरव होत नाही. प्रेषित पौल 1 करिंथ 15:10 मध्ये काय म्हणतो बघा: इतर सर्व प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले. स्वच्छ सांगतो, लाजत नाही. आणि लगेच जोडतो, तरी ते मी केले नाहीत, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. एकाच वाक्यात दोन्ही खरं आहे.

योसेफाचंही तसंच. तुरुंगातून काढून, दाढी करून, कपडे बदलून त्याला मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा करतात, राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगायला. स्वप्नाचा अर्थ सांगणं माझ्याकडे नाही, उत्तर देव देईल, हे तो आधीच सांगून टाकतो (उत्पत्ति 41:16). अर्थ सांगून झाल्यावर तो गप्प बसत नाही. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवा, त्यावर अधिकारी नेमा, नगरांत कोठारं भरा, अशी पूर्ण योजना मांडतो. श्रेय देवाला दिलं म्हणून त्याने अक्कल घरी ठेवली नाही. योहान सेबास्टियन बाख हा जर्मन संगीतकार (1685–1750) आपल्या कित्येक हस्तलिखितांच्या शेवटी "एस. डी. जी." अशी तीन अक्षरं लिहायचा, म्हणजे लॅटिनमध्ये "गौरव केवळ देवाला". वर सूर एकेक करून घासूनपुसून बसवलेले, खाली ती तीन अक्षरं. ढिसाळ काम करून खाली देवाचं नाव लिहिणं सोपं असतं. ते मी केलेलं आहे.

आता पायऱ्या. सगळ्या एकदम सुरू करू नका. पहिल्या दोन महिनाभर करून बघा.

पायरी 1: हिशेब कौतुकाच्या आधी मांडा

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. कौतुक होत असताना नम्र व्हायला गेलो तर उशीर झालेला असतो. त्या क्षणी मन पाघळलेलं असतं आणि तोंडातून पाठ केलेली वाक्यं बाहेर पडतात.

दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायात घटनांचा क्रम नीट बघा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर आपल्या ज्ञानी लोकांना (यहूदाहून बंदिवान म्हणून आणलेला दानीएलही त्यांतलाच) म्हणतो, मला पडलेलं स्वप्नही तुम्हीच सांगा आणि अर्थही, नाहीतर सगळ्या ज्ञानी लोकांना ठार करीन. दानीएल मुदत मागतो, घरी जातो, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या या तीन मित्रांना सांगतो आणि चौघं देवाकडे दया मागतात. रात्री रहस्य उलगडतं. त्यानंतर तो तडक राजवाड्याकडे धावत नाही, तिथेच देवाचा धन्यवाद करतो (2:20-23). त्या प्रार्थनेतही "आम्ही तुझ्याजवळ जे मागितलं ते तू मला कळवलंस" असे शब्द आहेत. मागणारे "आम्ही", समजलं "मला". मित्र विसरलेले नाहीत. मग तो राजापुढे जातो, आणि म्हणून तिथे त्याला सहज म्हणता येतं की हे कुणाही ज्ञानी माणसाच्या हातचं नाही, पण रहस्यं प्रकट करणारा देव स्वर्गात आहे, आणि माझी बुद्धी इतरांपेक्षा जास्त आहे म्हणून हे मला कळलेलं नाही.

मजा म्हणजे त्याच्या आधी अर्योक नावाचा सरदार राजाकडे धावत जातो आणि म्हणतो, मला यहूदाच्या बंदिवानांत एक माणूस सापडला आहे! सापडला कसला? दानीएल स्वतः चालून आला होता. प्रत्येक कामात एक अर्योक असतो. कधीकधी तो आपणच असतो.

प्रत्यक्षात करायचं असं. एक साधी वही घ्या. दिवसाच्या शेवटी दहा मिनिटं. दिवसात जे एक काम बरं झालं ते एका ओळीत लिहा. त्याखाली दोन प्रश्नांची उत्तरं:

यात मला आयतं काय मिळालं?
यात कुणाकुणाचा हात होता?

पहिल्या प्रश्नामागे 1 करिंथ 4:7 आहे: जे तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? उत्तर "देवाची कृपा" असं मोघम लिहायचं नाही. नेमकं लिहायचं. "सभेत राग आला होता पण बोललो नाही, सकाळी वाचलेलं नीतिसूत्र ऐन वेळी आठवलं." "पेपर चांगला गेला. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागली." झोप, आठवण, योग्य वेळी आलेला फोन, धडधाकट पाय. अनुवाद 8:17-18 मध्ये मोशे लोकांना सांगतो, ही संपत्ती माझ्या सामर्थ्याने मिळवली असं मनात म्हणाल, तेव्हा आठवा की ती मिळवण्याची शक्ती देणारा परमेश्वर आहे. बघा, मोशे कमाई नाकारत नाही. कमावण्याची ताकद कुठून आली ते विचारतो.

पहिला आठवडा कंटाळवाणा जाईल. तेच तेच लिहिल्यासारखं वाटेल. साधारण तिसऱ्या आठवड्यात मला असं दिसलं की लिहिताना सुचण्याऐवजी गोष्टी दिवसाच सुचायला लागल्या आहेत. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी जो एक शोमरोनी (यहूदी ज्यांना परकं मानत त्या लोकांतला) आभार मानायला परत आला, त्याच्याबद्दल लूक लिहितो की आपण बरे झालो आहोत हे पाहून तो परतला. आधी पाहणं आहे. बरे तर दहाही झाले होते.

पायरी 2: माणसांची नावं घ्या

"सगळं देवाने केलं" असं म्हणत आपण एक चलाखी करतो: मधल्या माणसांना गाळतो. देवाला श्रेय दिलं की बाकीच्यांचे आभार मानायची गरज उरत नाही, आणि उरतो कोण? देव आणि मी. फारच मानाची जोडी झाली की ती!

पौलाची पत्रं उघडून शेवटचे अध्याय वाचा. रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय म्हणजे जवळजवळ सगळा नावांचाच आहे. फीबीने पुष्कळांना साहाय्य केलं, प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी स्वतःची मान धोक्यात घातली, मरियेने खूप श्रम केले. मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढ देवाने दिली (1 करिंथ 3:6) असं म्हणताना त्याने अपुल्लोसाचं नाव गाळलं नाही.

तेव्हा वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाखाली जी नावं येतील, त्यातल्या एकाला आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष सांगा. कशाबद्दल ते नेमकं सांगा. "तुमची खूप मदत झाली" यात काही राम नाही. "त्या दिवशी तुम्ही माझा मजकूर वाचून दुसरा परिच्छेद काढायला लावलात, म्हणून तो जमला," असं सांगा.

पायरी 3: कौतुक झाल्यावर काय बोलायचं

इथे लोक सगळ्यात जास्त अडखळतात. एक संवाद घ्या.

"ताई, आज तुमचं गाणं ऐकून रडू आलं."

"छे छे, आज आवाज बसला होता, काही खरं नव्हतं."

समोरची व्यक्ती आता तुमची समजूत काढायला लागते. "नाही हो, खरंच छान झालं." म्हणजे एकाऐवजी दोनदा कौतुक वसूल झालं. शिवाय तिच्या अश्रूंना तुम्ही "काही खरं नव्हतं" म्हणालात.

दुसरं उत्तर: "माझं काही नाही, सगळा गौरव प्रभूला!" हे मनापासून असेल तर छान. पण दर वेळी, त्याच सुरात, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आलं तर ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. मी आजींशी तेच केलं. देव त्यांच्याशी काय बोलला, हे मी विचारलंच नाही.

तिसरं उत्तर: "धन्यवाद, ताई. कुठल्या ओळीला रडू आलं?"

आता बोलणं तुमच्याकडून सरकून तिच्याकडे आणि देवाने तिच्यात काय केलं त्याकडे गेलं. ती सांगेल, तुम्ही ऐका. जमलं तर तिथेच दोन वाक्यांची प्रार्थना करा. श्रेय योग्य जागी पोचलं, आणि तुम्हाला स्वतःबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही.

तेव्हा क्रम असा: साधं "धन्यवाद". मग एक प्रश्न. मग, खरं असेल तर, एक नेमकी गोष्ट देवाबद्दल ("हे गाणं मला एका वाईट आठवड्यात देवाने दिलं होतं"). आणि घरी गेल्यावर ते कौतुक प्रार्थनेत देवापुढे ठेवून द्यायचं, परत मोजायला घ्यायचं नाही. हे शेवटचं मला अजून धड जमत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या सहकाऱ्यांमध्ये काय करावं, असं बरेच जण विचारतात. माझं मत असं की तिथे कमी बोला आणि खरं बोला. "मी प्रार्थना केली होती, त्याने मला शांत राहता आलं" हे कुणालाही समजतं. पण ज्या यशात पाच जणांनी रात्री जागवल्या, त्याबद्दल त्यांच्यासमोर फक्त "देवाने केलं" म्हणालात, तर त्यांना ते श्रेय लाटल्यासारखंच ऐकू येईल.

पायरी 4: साक्ष देण्यापूर्वी ती तपासा

मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगताना, बहुतेकांची वीस वाक्यं स्वतःच्या संकटाची, पराक्रमाची असतात आणि शेवटचं एक देवाचं. आधी लिहून काढा. मग पेन घेऊन ज्या वाक्यांचा कर्ता "मी" आहे त्यांखाली एक रेघ ओढा आणि ज्यांचा कर्ता देव किंवा दुसरं माणूस आहे त्यांखाली दोन. पान एका नजरेत सगळं सांगतं. पूर्वीचं पाप रंगवून सांगायची एक चटक असते, तीही बघा. त्यातही नायक आपणच असतो. आणि "देवाने मला सांगितलं" हे शब्द जपून वापरा. स्वतःच्या निर्णयावर देवाची सही केली की कुणालाच प्रश्न विचारता येत नाही. ते श्रेय देणं नव्हे, टीकेपासून लपणं आहे.

पायरी 5: आठवड्यातून एक काम गुपचूप

मत्तय 6:3 मधला डावा हात, ज्याला उजवा काय करतो ते कळू द्यायचं नाही. भांडी घासा, पैसे द्या, कुणाची चूक निस्तरा, आणि सांगू नका. वहीतही लिहू नका. यापुढे यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पायरी 6: चांगले दिवस आले की जास्त सावध राहा

अपयशात नम्र राहणं फारसं कठीण नसतं. दुसरा पर्यायच नसतो. पवित्र शास्त्रातली पडझड बहुधा यशानंतर आहे. यहूदाचा राजा उज्जीया सोळाव्या वर्षी गादीवर बसला, 52 वर्षं राज्य केलं. बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, त्याला शेतीची आवड होती. 2 इतिहास 26 सांगतो की त्याला अद्भुत साहाय्य मिळत गेलं आणि तो बलवान झाला. पुढच्याच वचनात, बलवान झाल्यावर त्याचं हृदय उन्मत्त झालं. याजकांचंच असलेलं धूप जाळण्याचं काम तो करायला गेला. 80 धाडसी याजक घेऊन अजऱ्या याजक आडवा आला तेव्हा तो संतापला, आणि त्याच्या कपाळावर कोड उठलं. गर्वाचं घर खाली, ही आपली म्हण त्याच्या राजवाड्याला चपखल बसते. त्याच्या गर्वाचं पहिलं दिसणारं लक्षण कोणतं? अडवणाऱ्या माणसावर आलेला राग. हे स्वतःवर लावून बघा. शेवटचं "तुझं चुकतंय" तुम्हाला कोण म्हणालं, आणि त्यानंतर तुम्ही त्याच्याशी कसे वागलात?

हेरोद राजाची गोष्ट वेगळ्या कारणासाठी वाचावी (प्रेषितांची कृत्ये 12). लोक ओरडतात, ही माणसाची वाणी नव्हे, देवाची! तो गप्प राहतो, आणि देवाला गौरव दिला नाही म्हणून त्याला शिक्षा होते. योसेफस या इतिहासकाराच्या वर्णनात त्याचा चांदीचा झगा सकाळच्या उन्हात झळाळत होता. पण प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने एक बारीक तपशील दिला आहे: सोर आणि सीदोन या शहरांतल्या लोकांशी त्याचं बिनसलं होतं आणि त्यांचं अन्न त्याच्या मुलखातून यायचं. त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात पोटाचा प्रश्न गुंतलेला होता. तुमचं कौतुक करणाऱ्यांचं काही तुमच्या हातात अडकलेलं असेल, तर ते कौतुक निम्म्यावर आणून ऐका.

उलट लुस्त्र नगरात काय झालं? लोकांनी पौलाचा सोबती बर्णबा याला झ्यूस आणि पौलाला हर्मीस, म्हणजे आपले ग्रीक देव, ठरवलं, पुजारी बैल आणि हार घेऊन आला. दोघांनी कपडे फाडले आणि गर्दीत घुसून ओरडले, आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत (14:15). तिथे हळुवार "धन्यवाद" चाललं नसतं. म्हणजे तिसऱ्या पायरीलाही अपवाद आहे: लोक तुम्हाला देवाच्या जागी बसवत असतील, तर स्पष्ट आणि मोठ्याने नाही म्हणा.

एक इशारा

"नम्र व्हा" हे वाक्य कुणी कुणाला म्हणायचं? बहुतेक वेळा वरचा खालच्याला म्हणतो, आणि तिथे माझे कान टवकारतात. योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो, तिथे टॉवेल गुरूच्या कंबरेला आहे. ज्याच्यावर अन्याय होतोय, ज्याला घरात मारहाण होते, जिच्या कामावर दुसराच नाव लावतो, त्यांना फिलिप्पै 2 वाचून गप्प बसवणं हा त्या अध्यायाचा गैरवापर आहे. तिथे ख्रिस्ताने स्वतःहून स्वतःला रिक्त केलं. कुणी त्याला दटावून केलं नाही. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फिलिप्पै नगरात चौकशीविना फटके मारले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये 16:37). नम्र माणूस असं म्हणू शकतो.

तुमचं श्रेय कुणी लाटलं तर काय, हा प्रश्न राहतो. एकदा शांतपणे सांगा, विशेषतः त्यात इतरांचं श्रेयही गेलं असेल तर. त्यानंतरही झोप उडत असेल, तर ते वहीत प्रामाणिकपणे लिहा.

आजींचं सांगायचं राहिलं. काही महिन्यांनी मी पुन्हा संदेश दिला. तयारी चांगली होती, बोलणंही जमलं असं मला वाटलं. आजी आल्या, हात धरला. या वेळी मी ठरवलं होतं: धन्यवाद, मग प्रश्न. पण त्याच आधी म्हणाल्या, "आज काही ऐकूच आलं नाही रे. माइकला काय झालं होतं?"

माइक दर रविवारी लावणारा मुलगा त्या दिवशी आला नव्हता. दुसऱ्या कुणीतरी कशीबशी वायर जोडली होती. रात्री वही उघडली आणि मागची पानं चाळली. चार महिने "कुणाकुणाचा हात होता" या प्रश्नाखाली नावं लिहीत होतो, त्यात त्याचं नाव एकदाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन केला. त्याला ताप होता. "सॉरी दादा, येता आलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, तू झोप, मी जेवणाच्या वेळी येतो.